टेपचे चार स्क्रू

गेल्या महिन्यात माझ्या मुलानं एक जुनी पण चांगली चारचाकी घेतली. अल्हम्दुलिल्लाह, स्वतःच्या कमाईतली. आठ दिवसांनी तो साताऱ्याला गेला आणि गाडीत मोठा टचस्क्रीन, चार दारांना चार स्पीकर आणि डिकीत एक दणदणीत खोका बसवून आला. संध्याकाळी घरासमोर गाडी लावताना मला म्हणाला, "अब्बा, रात्री गाडी इथं नको ठेवायला. ती पालावरची पोरं दिवसभर इकडंच हिंडत असतात. टेप काढून नेतील."

मी काही बोललो नाही. उठून आत गेलो, कपाटातला पत्र्याचा डबा काढला आणि त्यातले चार गंजलेले स्क्रू त्याच्या हातावर ठेवले. त्या रात्री जे त्याला सांगितलं, तेच इथं लिहितो आहे. सांगण्यासारखी गोष्ट नाही, पण सांगितली नाही तर माझ्यासारखी चूक आणखी कुणी करील.

1997 सालची गोष्ट. मी चोवीस वर्षांचा होतो आणि औंध-रहिमतपूर रस्त्यावर वडापची जीप चालवत होतो. महिंद्राची कमांडर जीप, वर ताडपत्रीचा हूड, बाजूला पडदे. रहिमतपूरला रेल्वे स्टेशन, त्यामुळे पहाटेच्या आणि संध्याकाळच्या गाडीची माणसं मिळायची. मधल्या वेळेत बाजारकरी, शाळेची मुलं, कोर्टकचेरीला निघालेले म्हातारे. डिझेल जाऊन दिवसाला दीडशे रुपये सुटले, तर त्या दिवशी घरात मटण शिजायचं.

स्टँडवर सात-आठ जीप उभ्या असायच्या. माणसं कुठल्या जीपमध्ये आधी चढतात, याचं गणित सोपं होतं. जिच्यात टेप वाजतो, तिच्यात. म्हणून तीन महिने पैसे साठवून मी साताऱ्याहून 2,800 रुपयांचा ऑटो-रिव्हर्स टेप आणि दोन स्पीकर आणले. मिस्त्रीनं डॅशबोर्डखाली लोखंडी पट्टी मारून चार स्क्रूंनी टेप बसवला. माझ्या जीपवर क्लीनर म्हणून असलेला माझा आतेभाऊ बॅटरी धरून त्याच्या शेजारी उकिडवा बसला होता.

त्या टेपनं मला बरंच शिकवलं. पहाटे घरून स्टँडपर्यंत एकटा असताना मी तिलावतीची कॅसेट लावायचो. स्टँडवर आलं की वारकरी म्हाताऱ्यांसाठी अभंग, गुरुवारी कव्वाली, यात्रेच्या दिवसांत यमाईची गाणी. औंधात 1940 पासून शिवानंद स्वामींच्या स्मरणार्थ शास्त्रीय संगीताचा उत्सव होतो. त्याला येणारे एक मास्तर जीपमध्ये बसले की दर वेळी हात जोडून म्हणायचे, "ड्रायव्हरसाहेब, तेवढा आवाज कमी करा, सूर दिसू द्या." अब्बांना गाणीबजावणी फारशी पसंत नव्हती. पण त्यांची अट एकच होती : अजान झाली की टेप बंद.

या टेपचा आणखी एक शौकीन होता. स्टँडच्या मागं माळावर फासेपारध्यांची दोन-तीन पालं पडलेली असायची. त्यातला बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा रोज सकाळी पाच रुपयांत माझी जीप धुवायचा. धुऊन झालं की मागच्या पायरीवर बसून गाणं ऐकायचा. बोलायचा कमी. एकदा कॅसेटची फीत गुंतली तेव्हा त्यानं पेन्सिल घालून ती इतक्या हळुवार हातानं सोडवली की मी बघत राहिलो.

पौषातली यमाईची यात्रा म्हणजे आम्हा जीपवाल्यांची सुगी. तीन दिवस डोळ्याला डोळा लागत नाही. दुसऱ्या रात्री शेवटची खेप करून मी जीप स्टँडमागच्या भिंतीला लावली आणि घरी जाऊन पडलो. ताडपत्रीच्या जीपला कुलूप ते कसलं? पडदा उचलला की आत. सकाळी फजरची नमाज पढून आलो आणि चावी लावायला बसलो तर समोर डॅशबोर्डखाली नुसतीच लोखंडी पट्टी. टेप गेला होता.

पाच मिनिटांत स्टँडवरचे सगळे गोळा झाले. कोण म्हणालं, आठवत नाही, पण म्हणालं, "पारध्याचं पोरगं रोज तिथंच तर बसतंय. आणि कोण असणार?" मला ते लगेच पटलं. इतकं पटलं, की जणू मीच आधी म्हणालो होतो. तो मुलगा नेहमीसारखा बादली घेऊन येत होता. मी त्याची गचांडी धरली आणि एक ठेवून दिली.

मग आम्ही सगळे पालावर गेलो. त्याचा बाप हात जोडून एवढंच म्हणत होता, "मालक, आमी न्हाई. लेकरू न्हाई तसलं." कुणी ऐकलं नाही. त्यांची बोचकी सोडून भर माळावर ओतली. दोन लुगडी, जर्मनची भांडी, तितर धरायचे फास, कुठल्याशा डब्यात बांधून ठेवलेलं थोडं पीठ. टेप नव्हता. ते पीठ मातीत सांडलं. त्याची आई खाली बसून ते ओंजळीनं गोळा करत होती आणि मी उभा होतो.

रात्री इशानंतर अब्बांनी मला समोर बसवलं. त्यांना सगळं कळलं होतं. ते एवढंच म्हणाले, "बेटा, तूने अपनी आँखों से देखा था?"

मी म्हणालो, "नाही. पण सगळे म्हणत होते."

"सगळे म्हणत होते, म्हणून तू हात उचललास?"

मग त्यांनी मला मदिनेतली एक घटना सांगितली. सूरह निसामधल्या 105 व्या आयतीपासून पुढच्या आयतींच्या संदर्भात तफसीरकार ती सांगतात. एका घरातून चिलखत चोरीला गेलं. चोर होता मुसलमान म्हणवणाऱ्यांतलाच. पण आळ घेतला गेला एका यहुदी माणसावर, आणि चोराच्या कबिल्याचे लोक त्याची बाजू घेऊन प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे आले. आपला माणूस तो आपला, आणि परका तो चोर, असा सरळ हिशोब. तेव्हा ज्या आयती उतरल्या त्यांनी त्या निरपराध माणसाला मोकळं केलं, आणि स्वतःचा गुन्हा दुसऱ्याच्या माथी मारणं हे केवढं मोठं पाप आहे ते बजावलं. एका रिवायतीत आहे की ते चिलखत पिठाच्या पोत्यात होतं, आणि पोत्याच्या भोकातून सांडलेल्या पिठाचा माग लागला.

पीठ म्हटल्यावर मी मान खाली घातली. अब्बा म्हणाले, "उद्या जाऊन माफी माग." मी दुसऱ्या दिवशी गेलो नाही. यात्रेचा शेवटचा दिवस होता, धंद्याचा दिवस. तिसऱ्या दिवशी गेलो तर माळ मोकळा होता. चुलीचे दगड तेवढे राहिले होते. आणि खरं सांगतो, त्या मोकळ्या माळावर उभं राहून माझ्या मनात आलेला पहिला विचार शरमेचा नव्हता. मी म्हणालो, "बघा, पळाले. म्हणजे चोरी त्यांचीच."

आता त्या चार स्क्रूंचं. चोरीनंतर दोन दिवसांनी जीप झाडताना ते मला ॲशट्रेमध्ये सापडले. चारही. वायरी तुटलेल्या नव्हत्या. कपलर नीट सोडवलेला होता, एरियलची पिनही अलगद काढलेली. ज्याला घाई आहे आणि ज्याला गाडीची माहिती नाही, तो चोर वायरी हिसकतो, कापतो, पट्टी वाकवतो. इथं तर कुणीतरी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन, अंधारात हाताला सवय असल्यासारखं, एकेक स्क्रू काढला होता. पुरावा माझ्या तळहातावर होता. पण माझ्या डोक्यात चोर आधीच ठरलेला होता, म्हणून ते चार स्क्रू मला नुसते चार स्क्रूच दिसले. मी ते डब्यात टाकले.

1999 मध्ये माझ्या आतेभावाला सौदीत ड्रायव्हरची नोकरी लागली. परदेशी जाण्याआधी आपल्याकडं माणूस घरोघर जाऊन कहा-सुना माफ करून घेतो. तो आमच्याकडं आला, जेवला, आणि निघताना अंगणात थांबला. म्हणाला, "भाई, तुझा टेप मी काढला होता. मटक्यात पैसे हरलो होतो. सातशेला विकला." मी बघतच राहिलो. मग तो म्हणाला, "स्क्रू ॲशट्रेमध्ये ठेवले होते. म्हटलं, नवीन बसवशील तेव्हा तुला लागतील."

मी त्याला माफ केलं. करायलाच हवं होतं. तो माझा भाऊ होता, आणि त्यानं निदान तोंडानं कबूल तरी केलं. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. त्यानं माझे 2,800 रुपये घेतले होते, ते मी एका शब्दात सोडून दिले. मी त्या मुलाची इज्जत घेतली होती, ती मला कोण सोडणार? आपल्याला लहानपणापासून शिकवलं आहे, की नमाज-रोज्यातली उणीव अल्लाहच्या मर्जीवर आहे, पण हक्कुल-इबाद, माणसाचं माणसाकडं असलेलं देणं, हे त्या माणसानं सोडल्याशिवाय सुटत नाही.

मी त्यांना शोधलं. वडूजच्या बाजारात विचारलं, म्हसवडला विचारलं. बकरी ईदच्या आधी व्यापाऱ्यांना घेऊन आटपाडीच्या शेळ्या-मेंढ्यांच्या बाजाराला जायचो, तिथंही विचारलं. पाल माळावरून माळावर जातं, पत्ता मागं ठेवत नाही. तिथंच एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकानं मला स्वतंत्रपूरची गोष्ट सांगितली. औंधात जन्म घालवून मला ती नीट माहीत नव्हती.

आज आटपाडी सांगली जिल्ह्यात आहे, पण संस्थानाच्या काळात तो मुलूख औंधचाच. 1939 च्या सुमारास औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि मूळचे पोलंडचे इंजिनियर मॉरिस फ्रिडमन यांनी आटपाडीजवळ कैद्यांची एक वसाहत उभी केली. तिला भिंत नव्हती. खुनासारख्या गुन्ह्यात शिक्षा झालेली माणसं तिथं शेती करून राहू लागली. ती वसाहत आजही राज्याच्या कारागृह खात्याकडं चालू आहे. व्ही. शांताराम यांचा 1957 सालचा 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट याच प्रयोगावरून सुचला, आणि त्याची कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर औंधच्याच शाळेत शिकलेले.

म्हणजे आमच्या गावच्या राजानं शिक्षा झालेल्या गुन्हेगारांवर भरवसा टाकला. आणि मी? काहीही न केलेल्या पोरावर मला एक सकाळ भरवसा ठेवता आला नाही. कारण तो पारधी होता. इंग्रजांनी 1871 मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला, त्यानं पारध्यांसारख्या जमाती जन्मतःच चोर ठरवल्या. 1952 मध्ये देशानं तो कायदा रद्द केला. कागदावरून तो गेला, पण 1997 साली औंधच्या स्टँडवर आमच्या तोंडात होता.

आणि हे आपल्याला कळायला हवं होतं, इतरांपेक्षा आधी. माझा हाच मुलगा शिकायला पुण्यात होता, तेव्हा फोनवर खोली पक्की व्हायची आणि नाव सांगितलं की 'कालच गेली' असं उत्तर यायचं. तेव्हा घरी येऊन तो रडवेला झाला होता. नावावरून माणूस ठरवला जातो तेव्हा छातीत काय होतं, ते त्याला माहीत आहे. तरी त्याच्या तोंडून परवा 'ती पालावरची पोरं' असंच आलं. माझ्याही तोंडून तसंच आलं होतं.

मग काय, गाडी उघडी टाकायची? नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांना एकानं विचारलं, की उंट बांधून अल्लाहवर भरवसा ठेवू की मोकळा सोडून? त्यांनी आधी बांधायला सांगितलं, मग भरवसा ठेवायला. ही हदीस आपण सगळे सांगतो. मला तिचा एक अर्थ उशिरा कळला. बांधलेल्या उंटामुळं फक्त उंट वाचत नाही, शेजाऱ्यावर संशय घेण्यापासून आपणही वाचतो. माझी जीप मी उघडी ठेवली, निष्काळजीपणा माझा, आणि किंमत दिली त्या पोरानं.

म्हणून त्या रात्री मुलाला मी आणखी काही गोष्टी सांगितल्या. तीस वर्षं गाड्यांत गेली, तेवढ्यातून शिकलेल्या.

नेहमीच्या टेपचं तोंड 180 मिलिमीटर रुंद आणि 50 मिलिमीटर उंच असतं, जगभर हेच माप. टेप पत्र्याच्या चौकटीत सरकवतात आणि दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगांवर तो अडकून राहतो. दोन पातळ पट्ट्या कडेनं घातल्या की अर्ध्या मिनिटात बाहेर. तेव्हा बसवतानाच मिस्त्रीला सांगायचं, की मागच्या बोल्टाला पट्टी लावून ती डॅशबोर्डच्या आतल्या लोखंडाला कस. हा बोल्ट पुष्कळ जण मोकळाच सोडतात. टेपचं पुढचं तोंड सुटं निघत असेल तर रोज काढून घरात आणायचं. समोरच्या कप्प्यात ठेवलं तर चोराची सोयच होते. कोड असलेला टेप असेल तर कोड चालू करायचा, म्हणजे बॅटरीपासून सुटल्यावर तो आकडा मागतो आणि चोराच्या हातात मुका राहतो. टचस्क्रीनला पासवर्ड असेल तर तो घालायचा. कोडचा कागद घरात ठेवायचा, गाडीत नाही.

डिकीतला खोका आणि ॲम्प्लिफायर पत्र्याला बोल्टनं कसायचे आणि वरून झाकायचे. चोर दिसलेल्या वस्तूसाठी काच फोडतो. पण लपवायचं म्हणून काचांना काळी फिल्म लावायची नाही, सर्वोच्च न्यायालयानं 2012 मध्येच ती बंद केली आहे. गाडी उजेडात, भिंतीला डिकी टेकवून लावायची. टेपच्या मागचा सीरियल नंबर लिहून त्याचा फोटो काढायचा, आणि आतल्या पत्र्यावर गाडीच्या नंबराचे शेवटचे चार आकडे अणकुचीदार खिळ्यानं कोरायचे. माझ्या टेपवर असे आकडे असते तर तो विकणाऱ्यालाही धाक वाटला असता आणि घेणाऱ्यालाही.

बिल जपायचं. कंपनीनं दिलेला नसून नंतर बसवलेला टेप विमा पॉलिसीत वेगळा नोंदवावा लागतो, त्याचा हप्ता वेगळा. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर चोरीचे पैसे मिळत नाहीत. नूतनीकरणाच्या वेळी एजंटाला हे स्पष्ट विचारायचं. आणि चोरी झालीच, तर कशालाही हात न लावता आधी फोटो काढायचे. वायरी कापल्यात की सोडवल्यात, काच फुटली की दार उघडलं, स्क्रू कुठं आहेत. मग पोलिसांत फिर्याद द्यायची. कलम पूर्वी 379 होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत 303 आहे. फिर्यादीत पाहिलं तेवढंच लिहायचं. 'संशय कुणावर' असं विचारलं आणि आपल्याकडं पुरावा नसेल, तर 'कुणावर नाही' म्हणायची हिंमत ठेवायची. ती फार थोड्यांकडं असते. माझ्याकडं नव्हती.

शेवटचं : स्वस्तात मिळतोय म्हणून बिलाशिवाय जुना टेप घ्यायचा नाही. चोरीचा माल जाणून घेणं हा कायद्यानं गुन्हा आहे आणि दीनमध्ये हराम. सातशे रुपयांना माझा टेप घेणारा कुणीतरी होता, म्हणून तो विकला गेला.

मुलगा सगळं ऐकत होता. दुसऱ्या दिवशी त्यानं मिस्त्रीकडून मागचा बोल्ट कसून आणला, आकडे कोरले, बिलाचा फोटो काढला. गाडी घरासमोर, दिव्याखालीच लावली. रविवारी सकाळी पाहिलं तर पालावरची दोन पोरं गाडी धूत होती आणि हा आत बसून त्यांना विचारत होता, "कुठलं गाणं लावू?"

ते चार स्क्रू मी परत डब्यात ठेवले आहेत. तो मुलगा आता चाळिशीचा झाला असेल. हयात असेल, कुठंतरी असेल. पौषात यात्रा भरली की मी अजून स्टँडमागच्या त्या भिंतीपाशी जाऊन उभा राहतो. त्या वयाचा, बारीक हाडाचा कुणी दिसला की जवळ जाऊन विचारतो, "दादा, लहानपणी औंधला होता का?" अजून कुणी हो म्हणालं नाही. अल्लाह माझ्या मरणाआधी त्याची भेट घडवो, आणि त्याच्या मनात माफीची जागा ठेवो. आमीन.